बायबलमधली भविष्यवाणी इतिहासाशी ताडून कशी वाचावी

कुठं युद्ध पेटलं, मोठा भूकंप झाला, दोन राष्ट्रांत करार झाला की चार-दोन दिवसांत एक संदेश फिरू लागतो. वर बातमीचं कात्रण, खाली यहेज्केल, दानीएल किंवा प्रकटीकरण या बायबलच्या पुस्तकांतलं एखादं वचन आणि शेवटी 'हे आधीच लिहून ठेवलं होतं' असा निर्वाळा. ते वचन ज्या अध्यायातलं आहे तो अख्खा अध्याय उघडून पाहणारे मात्र विरळाच. ही वाचायची दिशाच उलटी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बातमीवरून वचनाकडे गेलं की काहीही कशालाही जुळवता येतं. वचनाकडून आधी त्याच्या स्वतःच्या काळाकडे, तिथून पुढच्या शतकांकडे आणि सगळ्यात शेवटी आपल्याकडे असं आलं, तर जुळणी कुठं पक्की आहे, कुठं सैल आहे आणि कुठं मुळात नाहीच, हे लख्ख दिसतं.

तुम्ही श्रद्धेनं वाचत असा किंवा निव्वळ इतिहासाच्या कुतूहलानं, खालच्या पायऱ्या दोघांच्याही कामाच्या आहेत. सामान फारसं लागत नाही. संदर्भवचनं दिलेलं बायबल, प्राचीन पश्चिम आशियाचा नकाशा आणि एक वही. वहीत चार रकाने आखा: वचन काय म्हणतं, कोणाला आणि केव्हा सांगितलं, इतिहासात काय घडलं, काय जुळत नाही. चौथा रकाना कोरा राहिला, तर बहुतेक वेळा आपण पुरेसं खोदलेलं नसतं.

पायरी १: संदेष्टा कोणाशी बोलतोय ते आधी ठरवा

संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांच्या, पुस्तकांची पहिली एक-दोन वचनं आपण घाईत ओलांडतो, कारण त्यात राजांची अवघड नावं असतात. खरा ऐवज तिथंच असतो. आमोस सांगतो की दक्षिणेच्या यहूदा राज्यात उज्जीया आणि उत्तरेच्या इस्राएल राज्यात यराबाम राज्य करत असताना, 'भूकंपाच्या दोन वर्षं आधी' त्याला हे दिसलं. हाग्गय तर पारसी राजा दारयावेशाचं दुसरं वर्ष, महिना आणि दिवससुद्धा देतो. ते वर्ष इ. स. पू. ५२०. जिथं राजाचं नाव नाही तिथं मजकुरातच खूण शोधावी लागते. नहूमात अश्शूरची राजधानी निनवे हिला विचारलं आहे, 'तू नो-आमोनापेक्षा चांगली आहेस काय?' नो-आमोन म्हणजे मिसरातलं (इजिप्तमधलं) थीब्ज. ते अश्शूरी फौजेनं इ. स. पू. ६६३ मध्ये लुटलं. निनवे पडलं ६१२ मध्ये. त्या पुस्तकाचं बोलणं या दोन वर्षांच्या मधे कुठंतरी बसतं.

काळ ठरला की त्या वेळच्या ऐकणाऱ्याची अडचण काय होती ते पाहा. यशया ७ घ्या. साल इ. स. पू. ७३५ च्या आसपास. अरामाचा राजा रसीन आणि इस्राएलचा राजा पेकह दोघं मिळून यरुशलेमवर चालून आलेत, आणि यहूदाचा राजा आहाज गर्भगळीत झालाय. यशया त्याला सांगतो की एक मुलगा जन्मेल, त्याचं नाव इम्मानुएल ठेवतील आणि त्या मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधीच या दोन राजांचा देश ओस पडेल. इ. स. पू. ७३२ मध्ये अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने अरामाची राजधानी दिमिष्क घेतलं; ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोनही पडलं. म्हणजे या भाकिताचं पहिलं क्षितिज काही वर्षांचंच होतं. पुढं मत्तय १:२३ हेच वचन येशूच्या जन्माला लावतो. वहीत दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या ओळींवर. पहिला अर्थ गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारली, तर वेढ्याच्या भीतीत बसलेल्या आहाजाला त्या चिन्हाचा काय उपयोग, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

पायरी २: मजकुराचा बाज ओळखा

सगळी भाकितं एकाच सुरात बोलत नाहीत. काही काव्य असतात. यशया १३ मध्ये सूर्य काळवंडतो, तारे प्रकाश देत नाहीत, आकाश थरथरतं. हे जगाच्या अंताचं वर्णन वाटतं. पण अध्यायाचा मथळा बाबेलविषयी (बॅबिलोनविषयी) आहे आणि १७ व्या वचनात मेदी लोकांचं नाव सरळ घेतलं आहे. साम्राज्य कोसळण्याचं वर्णन करायची ही संदेष्ट्यांची ठरलेली रीत होती. हे ध्यानात ठेवून मार्क १३:२४ वाचलं, तर सूर्य अंधारल्याचं वाचून लगेच ग्रहणांचं वेळापत्रक काढायची गरज पडत नाही.

काही भाग दृष्टांताचे असतात: शिंगं फुटलेले पशू, आकडे, मुद्रा. इथं किल्ली बाहेर शोधण्याआधी आत शोधा. दानीएल ८ मधला दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीस, असं त्याच अध्यायाची २०-२१ वचनं सांगतात. प्रकटीकरण १७ मध्ये सात डोकी म्हणजे सात डोंगर असा खुलासा आहे, आणि सात टेकड्यांचं शहर म्हटलं की पहिल्या शतकातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर रोमच येणार. ६६६ या आकड्याचंही तसंच. 'नेरोन कैसर' हे नाव इब्री अक्षरांत लिहून अक्षरांची मूल्यं मिळवली की ६६६ येतात. शेवटचा 'न' गाळला की ६१६. आणि काही जुन्या हस्तलिखितांत तो आकडा खरोखरच ६१६ आहे. हा उलगडा सर्वांना मान्य नाही, पण आजच्या कुठल्या कार्डावरचा किंवा यंत्रावरचा क्रमांक मोजत बसण्यापेक्षा तो कितीतरी भक्कम पायावर उभा आहे.

तिसरा बाज सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो: सशर्त इशारा. योना निनवेत जाऊन ओरडतो की चाळीस दिवसांनी हे शहर उलथून पडेल. लोक पश्चात्ताप करतात आणि शहर वाचतं. यिर्मया १८:७-१० मध्ये हा नियमच घालून दिलेला आहे. पण माझं आवडतं उदाहरण यिर्मया २६ मधलं आहे. यिर्मयाने मंदिराच्या नाशाचा इशारा दिला म्हणून लोक त्याच्या जिवावर उठले. तेव्हा काही वडीलधारे पुढं आले आणि म्हणाले की यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळात संदेष्टा मीखाही हेच म्हणाला होता, 'सियोन शेतासारखा नांगरला जाईल'. हिज्कीयाने त्याला मारलं नाही, तो परमेश्वराला शरण गेला आणि अरिष्ट टळलं. शंभरेक वर्षांपूर्वीचं, न घडलेलं भाकीत हे लोक खोटं ठरवत नाहीत, उलट त्याने काम केलं असं मानतात. 'घडलं की नाही' एवढीच कसोटी घेऊन बसणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. अनुवाद १८:२२ मध्ये ती कसोटीही आहेच. दोन्ही एकाच ग्रंथात आहेत.

पायरी ३: बाहेरचा पुरावा आणा, पण त्याच्याकडूनही जेवढं तो सांगतो तेवढंच घ्या

इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. यशया ३७:३३ म्हणतं की तो या नगरात शिरणार नाही, इथं बाणही मारणार नाही. सन्हेरीबाच्या स्वतःच्या मातीच्या लेखस्तंभावर या स्वारीची हकिकत आहे. त्यात ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात 'पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं' कोंडलं, असं लिहिलं आहे. नगर घेतलं असं मात्र तो कुठंही म्हणत नाही. यहूदातलं लाखीश नगर जिंकल्याची शिल्पं त्याने निनवेतल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली; ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. राजधानी पडली असती तर भिंतीवर तिला लाखीशच्या आधी जागा मिळाली असती. खंडणीत दोन्हीकडे सोनं ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) आहे. चांदी २ राजे १८:१४ मध्ये ३०० आणि अश्शूरी लेखात ८००. तफावत चौथ्या रकान्यात. राजांचे लेख म्हणजे बढाईचे लेख असतात, त्यामुळे ते काय सांगतात याइतकंच काय टाळतात हेही बघायचं असतं.

उलट बाजूचं उदाहरण पारसी राजा कोरेश याच्या मृत्तिका-लेखाचं. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला हा लेख यहुद्यांना बाबेलच्या बंदिवासातून परत पाठवल्याचा पुरावा म्हणून सर्रास दाखवला जातो. त्यात यरुशलेमचं किंवा यहुद्यांचं नाव नाही. मेसोपोटेमियातल्या देवळांच्या मूर्ती आणि लोक आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं तो सांगतो. एज्राच्या पुस्तकातली आज्ञा या धोरणात चपखल बसते, इतकंच म्हणता येतं. आणि तेवढं म्हणणंही कमी नाही.

पायरी ४: वर्षांचं गणित

इथं घोटाळे फार होतात, म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येतं, शून्य वर्ष नाही. राज्यारोहणाचं वर्ष कोणी मोजत, कोणी मोजत नसत, त्यामुळे यहूदाचा राजा यहोयाकीम याचं 'तिसरं वर्ष' (दानीएल १:१) आणि 'चौथं वर्ष' (यिर्मया २५:१) यांत एकाचा फरक दिसतो. आणि यरुशलेमच्या पाडावाचं साल काही अभ्यासक ५८७ धरतात, काही ५८६. त्यावरून भांडू नका.

आता यिर्मयाची ७० वर्षं मोजून पाहा. यिर्मया २५ आणि २९ मध्ये ही मुदत बाबेलच्या सत्तेची आहे. अश्शूरी सत्तेचा शेवटचा श्वास इ. स. पू. ६०९ मध्ये, बाबेल कोरेशाच्या हाती गेलं ५३९ मध्ये. बरोबर ७०. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या ६०५ च्या विजयापासून मोजलं तर ६६. मंदिर पाडल्यापासून ते पुन्हा पूर्ण होईपर्यंत, ५८६ ते ५१६/५१५, पुन्हा सुमारे ७०. आणि जखऱ्या १:१२ पाहिलं तर दुसरं मंदिर उभं राहत असताना लोक स्वतःही हे आकडे मोजत होते असं दिसतं. मग खरी मोजणी कुठली? मला वाटतं, यिर्मयाचं वाक्य बाबेलविषयी आहे म्हणून ६०९-५३९ मजकुराला जास्त जवळची. पण आरंभबिंदू आपणच निवडतोय याची जाणीव वहीत दिसली पाहिजे.

पायरी ५: एक भाकीत शेवटपर्यंत तपासा: सोर

यहेज्केल २६ वर दोन्ही टोकाची माणसं हमखास येतात. एक म्हणतो शब्दन्‌शब्द खरं झालं, दुसरा म्हणतो साफ चुकलं. दोघंही अर्धा अध्याय वाचतात.

सोर हे फिनिशियाचं श्रीमंत बंदर. त्याचा मुख्य भाग किनाऱ्यापासून किलोमीटरभराच्या आत असलेल्या बेटावर, आणि समोर मुख्य भूमीवर जुनी वस्ती. यरुशलेम पडलं तेव्हा सोरने आनंद केला, म्हणून हे वचन आलं (२६:२). साल इ. स. पू. ५८७-५८६. आता क्रियापदं तपासा. तिसऱ्या वचनात 'पुष्कळ राष्ट्रं' समुद्राच्या लाटांसारखी येतील. सातव्यात नबुखद्नेस्सराचं नाव आहे, आणि अकराव्यापर्यंत कर्ता एकवचनी: तो बुरूज बांधील, तो वेशी फोडील, तो रस्ते तुडवील. बाराव्यात कर्ता अनेकवचनी होतो: ते लुटतील, ते दगड, लाकडं आणि माती पाण्यात टाकतील. चौदाव्यात, तू जाळी पसरण्याची जागा होशील, तुला पुन्हा बांधणार नाहीत.

इतिहासाचा रकाना. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की नबुखद्नेस्सराने सोरला १३ वर्षं वेढा घातला. बेट लुटल्याचा पुरावा नाही. शेवटी सोरने बाबेलचं वर्चस्व पत्करलं असं दिसतं. पुढं इ. स. पू. ३३२ मध्ये सिकंदर आला. त्याच्याकडे बेटापर्यंत पोहोचण्याइतकं आरमार सुरुवातीला नव्हतं, म्हणून त्याने मुख्य भूमीवरच्या जुन्या सोरची घरं पाडून त्यांचे दगड, लाकडं आणि राडारोडा समुद्रात टाकत बांध घातला. सात महिन्यांनी शहर पडलं. त्या बांधाभोवती वाळू साचत गेली आणि बेट कायमचं जमिनीला जोडलं गेलं. बाराव्या वचनाशी हे इतकं जुळतं की अंगावर काटा येतो.

चौथा रकाना. सोर पुन्हा उभं राहिलं. येशू त्या प्रांतात गेला (मार्क ७:२४), पौल तिथल्या शिष्यांकडे सात दिवस राहिला (प्रेषितांची कृत्ये २१), आणि आज लेबनॉनमध्ये ते सूर नावाचं नांदतं शहर आहे. 'पुन्हा बांधणार नाहीत' याचा अर्थ मग काय? काही जण म्हणतात की ते मुख्य भूमीवरच्या वस्तीविषयी आहे. काही म्हणतात की ते जुन्या फिनिशियन सत्तेविषयी आहे. काहींच्या मते नगरनाशाच्या काव्यातली ती ठरीव अतिशयोक्ती आहे. आणि काही सरळ म्हणतात की हे घडलं नाही. मला तिसरा अर्थ जास्त पटतो, कारण संदेष्टे इतर नगरांविषयीही असंच बोलतात. पण त्याच्यापुढं एक गोष्ट आहे जिच्याबद्दल दोन्ही टोकाची माणसं गप्प असतात: यहेज्केल स्वतः. २९:१७-२० मध्ये, इ. स. पू. ५७१ ची तारीख देऊन, तो लिहितो की नबुखद्नेस्सराच्या सैन्याचं प्रत्येक डोकं टकलं झालं, प्रत्येक खांदा सोलवटला, तरी सोरकडून त्याला मजुरी मिळाली नाही. म्हणून त्याला मिसर देऊ. लूट अपेक्षेप्रमाणे हाती लागली नाही हे लपवायला संपादकाला सहज जमलं असतं. पुस्तकाने ते तारखेसकट जपून ठेवलं. इथं माझ्यासारख्या वाचकाला भाकिताच्या जुळणीपेक्षा हा प्रामाणिकपणा अधिक बोलका वाटतो.

पायरी ६: लिखाणाच्या काळाचा वाद टाळू नका

भाकीत घटनेच्या आधी लिहिलं की नंतर, हा प्रश्न दानीएल ११ ला सगळ्यात तीव्रपणे येतो. तिथं उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा यांचं जे वर्णन आहे, ते सिकंदरानंतरच्या, सीरियातल्या सेल्युकिड आणि मिसरातल्या टॉलेमी घराण्यांशी घटनेमागून घटना जुळतं: लग्नाने जोडलेली सोयरीक, राफियाची लढाई (इ. स. पू. २१७), कित्तीमची जहाजं म्हणजे सेल्युकिड राजा अंतियोख चौथा याला मिसरातून परत फिरवणारा रोमी दूत (१६८), आणि मंदिराचं विटाळणं (१६७). मंदिर १६४ मध्ये पुन्हा शुद्ध झालं. यहुद्यांचा हनुक्का सण त्याचाच. पण ४० व्या वचनापासून जुळणी सुटते. मजकुरातला राजा समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये मरतो. अंतियोख पारसाकडच्या मोहिमेवर मेला.

तिसऱ्या शतकात पोर्फिरी या ख्रिस्तविरोधी तत्त्ववेत्त्याने यावरून म्हटलं की हे पुस्तक अंतियोखाच्याच काळात लिहिलेलं आहे, तोवरचा इतिहास आहे आणि पुढचा अंदाज. ख्रिस्ती विद्वान जेरोमने त्याला उत्तर दिलं: जुळणी खरी आहे, पण ती देवाने आधी दाखवल्यामुळे, आणि शेवटचा भाग ख्रिस्तविरोधकाविषयी आहे. आजही विद्यापीठांतले बहुसंख्य अभ्यासक पोर्फिरीच्या तारखेच्या बाजूने आहेत आणि परंपरावादी अभ्यासक जेरोमच्या. यशया ४४:२८ मध्ये कोरेशाचं नाव आहे त्यावरूनही हाच तंटा आहे. वहीत दोन्ही बाजू त्यांच्या कारणांसकट लिहा. घटना कुठली, यावर त्यांचं ३५ व्या वचनापर्यंत जवळपास एकमत आहे, हे विसरू नका. वाद तारखेचा आहे.

पायरी ७: आता आपला काळ

आपल्या काळाला भाकीत लावायची हौस आजची नाही. मृत समुद्राजवळच्या गुहेत १९४७ मध्ये सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूकावरचं एक भाष्य आहे. हबक्कूक १:६ मध्ये 'खास्दी' (बाबेलचे लोक) असं स्वच्छ लिहिलेलं असताना भाष्यकार म्हणतो, हे कित्तीम, म्हणजे त्याच्या काळचे रोमी. त्याच भाष्यात अशीही कबुली आहे की देवाने हबक्कूकाला शेवटच्या पिढीवर काय येणार ते लिहायला सांगितलं, पण काळाची समाप्ती केव्हा ते कळवलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आजच्या कित्येकांपेक्षा सावध होता.

अमेरिकेतले प्रचारक विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस वर्षं म्हणून धरले, इ. स. पू. ४५७ पासून मोजले, आणि त्यांच्या चळवळीत अखेरीस ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख २२ ऑक्टोबर १८४४ अशी ठरली. बेरीज बिनचूक होती. दिवस म्हणजे वर्ष आणि आरंभ ४५७, ही दोन गृहीतकं मात्र मजकुराच्या बाहेरून आली होती. त्या रात्री हजारो लोक वाट पाहत राहिले.

म्हणून कुणी आजची घटना वचनाला जोडून दिली की हे विचारा. तो अध्याय मुळात कोणत्या राज्याविषयी आहे? तिथं दिलेले सगळे तपशील बसतात की दोनच उचललेत? हेच वचन आधीच्या पिढ्यांनी कोणाला लावलं होतं? घटना घडण्याआधी हा अर्थ कोणी सांगितला होता का, की घडल्यावर सुचला? आणि उद्या त्या देशाचं सरकार बदललं, तर अर्थ टिकेल की नवा निघेल? मार्क १३ ला हे प्रश्न लावून बघण्यासारखे आहेत. त्यातला मंदिराच्या नाशाचा भाग इ. स. ७० मध्ये रोमी सेनापती टायटसच्या फौजेने पुरा केला. मंदिरातला सात फांद्यांचा दीपवृक्ष मिरवत नेतानाचं शिल्प रोममधल्या त्याच्या कमानीवर आहे. आवाराच्या आधारभिंतींचे दगड अजून एकावर एक आहेत, हे चौथ्या रकान्यात. आणि ३२ वं वचन सांगतं की तो दिवस किंवा ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, म्हणजे तारीख काढणाऱ्याचा दावा कुठं जातो ते पाहा.

सुरुवात प्रकटीकरणापासून करू नका. बहुतेक लोक तिथंच अडकतात. नहूम घ्या. तीन अध्याय, ४७ वचनं, एकच नगर, एकच घटना. शेजारी बाबेलच्या इतिवृत्तातली ६१२ ची नोंद ठेवा: बाबेलचा नबोपोलासर आणि मेदी राजा एकत्र आले, तीन महिने वेढा पडला, नगर लुटून ढिगारा केलं. मग नहूम २:६ वर या. तिथं नद्यांच्या वेशी उघडतात आणि राजवाडा विरघळतो; इतिवृत्त पाण्याबद्दल काहीच बोलत नाही. ते चौथ्या रकान्यात लिहा आणि मग हबक्कूक उघडा.